मोदक फॉन्ट वापरताय? मग हे बघा

बालवाडीच्या बॅनरसाठी मोदक निवडलात, मस्त चॉइस! मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा फॉन्ट आहे, सुरुवात हाताने काढलेल्या स्केचेसमधून झाली आणि ते अजून जाणवतं, अक्षरं इतकी गुबगुबीत की आतली मोकळी जागा नुसती बारीक फट उरलीये, आणि सगळी मजा त्या फटीतच आहे. म्हणून छोट्या साइजला वापरूच नका, फटी बुजतात आणि नुसते काळे गोळे दिसतात. दोन-तीन शब्द घ्या, मोठ्ठे लावा. जोडाक्षरं असतील तर आधी प्रिंट काढून लांबून वाचून बघा, विशेषतः कापडावर छापणार असाल तर, शाई पसरते. वेट, म्हणजे अक्षरांची जाडी, एकच आहे, त्यामुळे वरून बोल्ड मारू नका, जाड आउटलाइन पण नको. आणि प्लीज अक्षरांमधलं स्पेसिंग वाढवू नका हो, शिरोरेघ तुटते, देवनागरीत ते फार वाईट दिसतं. तारीख, वेळ, पत्ता ‘मुक्ता’ या फॉन्टमध्ये टाका, तोही ‘एक टाइप’चाच, ७ वेट्स आहेत, रेग्युलर पुरेल. दोन्ही गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत, पैसे घेऊन केलेल्या कामातही चालतात.