आंबा नाकाला, सोडा जिभेला

प्रश्न : भाच्याने अमेरिकेहून ‘व्हाइट क्लॉ’ हार्ड सेल्टझरचे, म्हणजे फळांच्या चवीच्या अल्कोहोलयुक्त सोड्याचे, चार चवींचे कॅन आणलेत : आंबा, लिंबू, ग्रेपफ्रूट, ब्लॅक चेरी. आंब्याचा उघडला तर निव्वळ सोडा! बाकीचे उघडू का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : उघडा की! मार्केट यार्डातून पेटी आणणाऱ्या माणसाची आंब्यात निराशा व्हायचीच. ३५५ मिलिलिटरच्या कॅनमध्ये साखर जेमतेम २ ग्रॅम. वास येतो, पण गोडी नसली की आंबा उभाच राहत नाही. लिंबाला गोडीची गरज कमी. सोड्याची आंबूस चुणचुण त्याला उलट साथच देते. माझी पहिली पसंती लिंबालाच. ग्रेपफ्रूटची मागे रेंगाळणारी कडवट चव बाकरवडीबरोबर झकास लागते. फारच कडू वाटली तर ग्लासात चिमूटभर मीठ टाका, कडूपणा दबतो. हळू टाका मात्र, फसफसून टेबलभर होईल. ब्लॅक चेरी मला खोकल्याच्या औषधासारखी लागते. ती भाच्यालाच द्या.

आणि कॅनवरची फळं बघून सरबत समजू नका. अल्कोहोल ५ टक्के आहे, साधारण बिअरइतकंच. पाहुण्यांपैकी कुणी गाडी चालवत सिंहगड रोडला परतणार असेल, तर त्याच्यासाठी कोकम सरबत करा.