पोरगं वर्गात तोंडच उघडत नाही, मग घरची भाषा बंद करायची का?

मेळघाटातल्या शाळांवर गेले की गुरुजींचा एक प्रश्न ठरलेला असतो, मॅडम हा पोरगा वर्गात बोलतच नाही, याला काही प्रॉब्लेम तर नाही ना? आणि आईबाप विचारतात, घरी कोरकू (इथल्या कोरकू आदिवासींची भाषा) बोलणं बंद केलं तर शाळेतलं येईल का याला? हे दोन्ही प्रश्न मी एकाच पोराबद्दल एकाच दिवशी ऐकले, ते सांगते. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव लिहीत नाही, धारणी तालुका एवढंच.

पहिलीतला पोरगा. ऑगस्ट महिना, म्हणजे शाळा सुरू होऊन दोन महिने होत आलेले, आणि वर्गात एक शब्द नाही. सर बाहेरच्या जिल्ह्यातून बदलीवर आलेले, माणूस मनापासून शिकवणारा, पण थकलेला. म्हणाले एक ते पाचसुद्धा येत नाही, मतिमंद असेल तर आत्ताच तपासणी करून घेऊ. मी चित्रांची कार्डं काढली. गाय, घर, झाड, सगळ्यावर गप्प. पाण्याच्या ग्लासचं चित्र दाखवलं तेव्हा ओठातल्या ओठात म्हणाला, "डा." सर म्हणाले, बघा मॅडम, धड एक शब्द पण नाही. आणि मी, खरं सांगते, वहीत लिहिलं "पुढील तपासणी आवश्यक".

दुपारी खिचडी झाल्यावर तो शाळेच्या ओट्यावर धाकट्या बहिणीला घेऊन चिंचोके मांडत बसला होता. एकेक चिंचोका पुढे सरकवत मोठ्याने म्हणत होता, मिया, बारी, आपई, उपुन, मोनोई... न अडखळता दहापर्यंत गेला, बहीण मध्ये चुकली तर तिचा हात धरून परत पहिल्या चिंचोक्यावर आणला. शेजारी अंगणवाडीच्या ताई होत्या, त्या तिथल्याच, कोरकू. मी विचारलं हे काय म्हणतोय? त्या हसल्या, "मॅडम, गिनती करून राहिला ना तो." मग मी विचारलं डा म्हणजे काय. "डा म्हणजे पानी."

म्हणजे माझ्या टेस्टमध्ये त्याने बरोबर उत्तर दिलं होतं आणि ऐकणाऱ्या आम्हा दोघांना ते कळलं नाही. वहीतली ती ओळ मी तिथेच खोडली.

कोरकू म्हणजे गावठी मराठी किंवा तुटकी हिंदी असं बऱ्याच जणांना वाटतं, शिक्षकांनासुद्धा, पण तसं नाहीये, ती संथाली-मुंडारीच्या घराण्यातली भाषा आहे, मराठीशी तिचं नातंच नाही, 2011 च्या जनगणनेत 7 लाखांहून जास्त लोकांनी ती मातृभाषा म्हणून नोंदवलीये. सहा वर्षांचं लेकरू जेव्हा अशी भाषा घेऊन मराठी वर्गात बसतं तेव्हा सुरुवातीचे काही महिने ते गप्प राहून नुसतं ऐकतं, हा दुसरी भाषा शिकण्याचाच भाग असतो. आजार नाही तो.

तरी मी तपासायचं सोडत नाही. कान वाहतो का, ऐकू नीट येतं का हे आधी बघते. मग घरच्यांना विचारते की घरच्या भाषेत कसा बोलतो, सांगितलेलं काम करतो का, भावंडांशी भांडतो का. खरी अडचण असली तर ती घरच्या भाषेतही दिसते, फक्त मराठीत दिसत असेल तर प्रश्न पोराच्या डोक्याचा नाही. याची आजी म्हणाली, घरी तर याचं तोंड बंदच होत नाही.

संध्याकाळी बाप भेटले. खाली बघत बोलले, "मॅडम, गुरुजी बोले घर में कोरकू मत बोलो. पर इसकी दादी को तो दुसरी आतीच नही." मला फार लागलं ते. मी म्हटलं भाऊ, बंद करू नका, उलट जास्त बोला, गोष्टी सांगा, भाषा पक्की असलेलं पोरगं दुसरी भाषा लवकर उचलतं. आजीशी बोलणं तोडून मराठी येत नसते हो, फक्त आजी तुटते.

सरांशी बोलताना कायद्याचं पण सांगितलं, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम 29 मध्ये शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवा असं लिहिलंय, 2020 च्या धोरणातही तेच. सर म्हणाले, मॅडम ते ठीक पण मला कोरकू येत नाही, पुस्तक मराठीत, मी एकटा काय करू? त्यांचं म्हणणं रास्तच होतं, म्हणून आम्ही लहान गोष्टीपासून धरलं. अंगणवाडीच्या ताईंनी शंभरेक शब्द एका वहीत लिहून दिले. गणिताला आधी मिया-बारी, मग एक-दोन. शनिवारी आजी आली, पदरात कुटकी, सावा, कोदो बांधून, एकेक धान्य तळहातावर घेऊन कोरकूत नाव सांगायची आणि पोरं सरांना मराठी नाव विचारायची. एरवी 9 ऑगस्टला, आदिवासी दिनाला, पोरांना सजवून नाचवतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांच्याच भाषेत बोलली म्हणून गप्प करतात, हे मला अजिबात पटत नाही, आणि मी ते प्रत्येक शाळेत बोलून दाखवते.

त्या शनिवारी आजीला एक नाव आठवेना तर हाच पोरगा मागून ओरडला. वर्गातला त्याचा पहिला मोठा आवाज. मराठी यायला मात्र वेळ लागला, दिवाळीनंतर दोन-दोन शब्दांची वाक्यं, आणि जोडाक्षरं दुसरीत गेला तरी अडतातच.

यंदा मे महिन्यात सरांची बदली झाली. ती वही त्यांनी आणखी भरली होती, ती शाळेच्या कपाटात ठेवून गेलेत, आणि नवीन मॅडमना मी फोन करून सांगितलंय की पहिल्या दिवशी हजेरीच्या आधी ती काढा.