गाडीची किंमत आणि अंतिम बिल

प्रश्न : गाडीची जाहीर किंमत आणि विक्रेत्याने दिलेले अंतिम बिल यांत एवढी तफावत का असते?

उत्तर : जाहीर किमतीत कर, नोंदणी शुल्क आणि विमा यांची भर पडते. कर व नोंदणी शुल्क सरकार ठरवते, त्यामुळे तिथे घासाघीस चालत नाही. खरी काळजी घ्यायला हवी ती ‘हाताळणी खर्च’, ‘कागदपत्रांचा खर्च’ अशा नावांच्या रकमांबाबत, कारण त्या बहुधा विक्रेत्यानेच लावलेल्या असतात आणि ठामपणे विचारणा केल्यास कमी होऊ शकतात, क्वचित वगळल्याही जातात. म्हणून सही करण्यापूर्वी प्रत्येक रकमेचा लेखी तपशील आणि सरकारी भरण्याच्या स्वतंत्र पावत्या अवश्य मागाव्यात. हे शुल्कही कर्जात धरले गेले, तर त्यावर शेवटच्या हप्त्यापर्यंत व्याज भरावे लागते.