ऐरोलीची नोकरी आणि चौघांची दुपार

"नोकरी ऐरोलीला लागलीय. घर कुठे बघायचं यावरून रोज वाद होतात. तुम्हीच सांगा, डोंबिवली बरी की खारघर?"

बदलीमुळे किंवा नव्या नोकरीमुळे मुंबई-पुण्याकडे येणाऱ्या कुटुंबांचा पहिला प्रश्न थोड्याफार फरकाने हाच असतो. कधी नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या जागी अंधेरी असते, कधी पुण्याकडे जाणारे लोक असले तर हिंजवडी. मी कौटुंबिक समुपदेशक आहे, एजंट नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकते. तरीही लोक मोबाइलवर तक्ता तयार करूनच येतात. भाडं, डिपॉझिट, शाळेची फी, स्टेशनपासूनचं अंतर, ऑफिसला पोचायला लागणारा वेळ. तक्ते चांगले असतात. पण ते बहुतेक वेळा ज्याला नोकरी लागली त्याच्या सोयीने आखलेले असतात, आणि तो माणूस तर दिवसभर त्या वस्तीत नसतोच.

हे कुटुंब कराडचं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. बाई चाळिशीच्या आतल्या, एका कंपनीचं विम्याच्या दाव्यांचं काम घरून करायच्या. बढती मिळाली ती ऐरोलीच्या ऑफिसात, आठवड्यातून तीन दिवस हजेरी सक्तीची. नवरा कराडातच जीएसटी आणि आयकराची कामं करणारा. बाजारपेठेत छोटंसं ऑफिस, वर्षानुवर्षांची गिऱ्हाइकं. मुलगी आठवीत, मुलगा तिसरीत. आणि आजी, म्हणजे नवऱ्याच्या आई, मूळच्या पाटण तालुक्यातल्या, गुडघ्यांनी बेजार.

जायचं की नाही यावर वाद नव्हता. पगार जवळजवळ दुप्पट होणार होता, आणि नवऱ्याने स्वतःच "ही संधी सोडू नकोस" म्हटलं होतं. भांडण होतं ते वस्तीवरून. नवऱ्याला डोंबिवलीच हवी. मराठी वस्ती, चांगल्या मराठी आणि सेमी शाळा, नाटक, व्याख्यानं, आणि चुलतभाऊ तिथेच राहतो. बाईंना खारघर हवं. नवी इमारत, तीन खोल्यांचं मोठं घर, रुंद रस्ते, सेंट्रल पार्क, आणि ऐरोलीला थेट गाडी. दोघांनी एकमेकांच्या गावाचे दोष इतके पाठ केले होते की मला नवीन काही विचारावंच लागलं नाही.

दोष खरेही होते. डोंबिवलीहून ऐरोली म्हणजे ठाण्यापर्यंत मेन लाइन आणि तिथे उतरून ट्रान्सहार्बर, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणारी लोकल. सकाळी आठ-साडेआठला डोंबिवलीत गाडीत चढणं हे नव्या माणसाचं काम नव्हे. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ गाडीच्या दारातले प्रवासी रुळांवर पडले, काही जीव गेले. ती बातमी आजींनी टीव्हीवर पाहिली होती आणि सुनेला दारात उभी असलेलीच त्या डोळ्यांपुढे बघत होत्या. चुलतभावाचं घर एमआयडीसीला लागून. तिथे मे 2016 आणि मे 2024 मध्ये झालेले स्फोट बाईंना तारखेसकट माहीत होते. उलट नवऱ्याने खारघरच्या पाण्याचं काढलं. खारघरला लोक सर्रास नवी मुंबई म्हणतात, पण ते नवी मुंबई महापालिकेत नाही. 2016 साली झालेल्या पनवेल महापालिकेत आहे. नवी मुंबई महापालिकेकडे स्वतःचं मोरबे धरण आहे, खारघरला तसं स्वतःचं धरण नाही, आणि उन्हाळ्यात तिथल्या कितीतरी सोसायट्यांत टँकर येतात. नव्या इमारतीच्या चकचकीत लॉबीत हे कुणी सांगत नाही.

एवढं सगळं बरोबर असूनही वाद संपत नसेल, तर वाद त्या मुद्द्यांचा नसतो. मी पुढच्या वेळी सगळ्यांना घेऊन यायला सांगितलं, आजींनाही.

प्रत्येकाला एकेक कोरा कागद दिला. ऑगस्टमधला एक मंगळवार, बाहेर पाऊस, तुम्ही नव्या घरी राहायला गेलाय. सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत तुम्ही कुठे असाल, कुणाबरोबर असाल, ते लिहा. आधी डोंबिवली धरून, मग खारघर धरून. मंगळवार मुद्दाम. रविवार सगळ्याच ठिकाणी बरा जातो.

आजींनी लिहिलं नाही, तोंडी सांगितलं. "सकाळी पोरं गेली की मी गॅलरीत. दुपारी गॅलरीत. हितं कसं, शेजारीण हाक मारती, भाजीवाला इचारतो गुडघा कसा हाय. तिथं मला वळखीचं कोण हाय?" दोन्ही गावांसाठी त्यांचं उत्तर एकच होतं. सून मान खाली घालून ऐकत होती.

मुलीचा कागद वाचून मात्र आईवडील दोघेही चपापले. ती कराड सोडायला मुळीच नाराज नव्हती. तिच्या कागदावर एकच काळजी होती: राज्य मंडळाची सेमी शाळा, आणि तिसरी भाषा संपूर्ण संस्कृत. आठवीत तिने तेच घेतलं होतं. नव्या शाळेत संस्कृत नसेल, किंवा हिंदी-संस्कृत संयुक्तच असेल, तर नववीत तिला मागचं सगळं भरून काढावं लागणार होतं. खारघरमध्ये आईने पाहून ठेवलेली शाळा सीबीएसईची होती. नववीत मंडळ बदलणं म्हणजे पुस्तकं, पद्धत सगळंच नवं, शिवाय सीबीएसईत दहावीची नोंदणी नववीतच होते, त्यामुळे नाही जमलं तर मागे फिरायला फारशी वाट राहत नाही. ही बाब तक्त्यात "शाळा: चांगली" एवढीच होती. सातवी-आठवीच्या पुढची मुलं असतील तर मी पालकांना सांगते, आधी शाळा नक्की करा, प्रवेशाचं तोंडी नव्हे तर लेखी घ्या, आणि मग त्या शाळेच्या आसपास घर शोधा. पहिली-दुसरीचं मूल कुठेही रुळतं. नववीचं मूल रुळेपर्यंत दहावीची परीक्षा येते.

धाकट्याने "चार ते सात खेळणे" असं लिहून कंसात "कोण आहेत?" असा प्रश्न घातला होता. त्याची तक्रार तेवढीच.

आता नवऱ्याचा कागद. खारघरच्या बाजूला सकाळी दहा ते संध्याकाळी पाच पूर्ण कोरं. मुलाला शाळेत सोडणं, आईचं औषध, मुलाला आणणं, आणि मधे काहीच नाही. डोंबिवलीच्या बाजूला मात्र अकरा ते पाच एका ओळीत लिहिलेलं: "दादाच्या ऑफिसात." चुलतभाऊ कर सल्लागार. त्याच्याकडे एक टेबल रिकामं होतं. हे त्याने घरी आजवर नीट बोलून दाखवलंच नव्हतं. नाटकं, व्याख्यानं, मराठी वातावरण, सगळं बोलला. पण कराडच्या पेठेत ज्याला लोक उठून नमस्कार करतात त्या माणसाला परगावी बसायला एक खुर्ची हवी आहे, हे बायकोसमोर बोलणं त्याला जड गेलं होतं. आपल्याकडे बायकोच्या नोकरीपाठोपाठ नवऱ्याने गाव सोडणं अजून इतकं सवयीचं झालेलं नाही. लोक त्याचं कौतुक करतात आणि त्याच तोंडाने "मग तुम्ही काय करणार?" विचारतात.

बाईंचाही असाच एक पदर होता. तिसऱ्या खोलीचा त्यांचा हट्ट का, हे विचारल्यावर त्या थोड्या थांबून म्हणाल्या, "माझ्यामुळे सगळ्यांना उठावं लागतंय. निदान घर तरी चांगलं द्यावं." अपराधीपणातून घेतलेलं मोठं घर मी अनेकदा पाहिलं आहे. त्या घराच्या भाड्याच्या ताणाने मग तीच व्यक्ती नोकरीत जास्त अडकते, आणि ज्यांच्यासाठी खोली घेतली त्यांना ती व्यक्ती दिसते फक्त रात्री. त्यांना मी एवढंच विचारलं की घरातल्या कुणी तिसरी खोली मागितली आहे का. कुणीच मागितली नव्हती. मुलगी म्हणाली, मला आजीजवळ झोपायला आवडतं. (हे वाक्य वर्षभरात बदलेल, हेही मी बाईंना बाजूला घेऊन सांगितलं. चौदा वर्षांच्या मुलीचं आहे ते.)

एवढं उघड झाल्यावर डोंबिवली आणि खारघर दोन्ही नावं आपोआप सैल झाली. आणि तिसरं नाव पुढे आणलं ते आजींनी. "आमच्या पाटणची अर्धी गावं कोपरखैरण्याला हायत की." ते खरंच होतं. मशीद बंदर भागातले घाऊक बाजार वाशी-तुर्भ्याला हलले, त्यांच्याबरोबर माथाडी कामगारही आले. सातारा, सांगली, पुणे जिल्ह्यांतून गोणी उचलायला आलेली ही माणसं. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केलं, 1969 चा माथाडी कायदा झाला, आणि पुढे कोपरखैरणे-घणसोलीत त्यांची घरं झाली. आजींच्या माहेरच्या दोन घरच्या लेकी तिथे सासरी होत्या. सून आणि मुलाने हे गाव यादीतही घेतलं नव्हतं, कारण घरांच्या वेबसाइटवर ते दाटीवाटीचं दिसतं. आहेही.

ट्रान्सहार्बर मार्गावर 2004 पासून प्रवासी गाड्या धावतात. कोपरखैरणे, घणसोली, रबाळे, ऐरोली अशी ओळीने स्टेशनं आहेत, गाडीत दहाएक मिनिटं. नवऱ्याला मी एक वेगळी गोष्ट सुचवली. राहायचं डोंबिवलीत आणि बसायचंही डोंबिवलीत, असं का? सकाळी सगळी गर्दी मुंबईकडे धावते. ठाण्याहून डोंबिवलीकडे जाणाऱ्या गाडीत त्या वेळी बसायला जागा मिळते, आणि संध्याकाळी उलट. गर्दीच्या विरुद्ध दिशेने तास-सव्वा तासाचा प्रवास आणि गर्दीतून तेवढाच प्रवास, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. जागा निवडताना लोक किलोमीटर मोजतात, दिशा मोजत नाहीत.

मी त्यांना कोपरखैरणं घ्या असं सांगितलं नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी तिन्ही ठिकाणी जाऊन या म्हटलं. रविवारी नको; रविवारी मेगाब्लॉक असला तर गाड्यांचा अंदाज चुकतो आणि नसला तर मोकळ्या गाड्या बघून माणूस भुलतो. दुपारी तीनला जा, खाली बाकावर कोण बसलंय ते बघा, आणि आजींना बरोबर न्या. वॉचमनला पाणी किती वाजता येतं, किती वेळ येतं ते विचारा. एजंटला विचारू नका. लिफ्ट चालू आहे का ते स्वतः चढून-उतरून बघा. आणि काहीही आवडलं तरी लगेच विकत घेऊ नका. आधी अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार करा, त्याची रीतसर नोंदणी करून घ्या. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती बंधनकारकच आहे. करारात लॉक-इन, म्हणजे घर सोडता न येण्याचा काळ, किती महिन्यांचा आहे तेही वाचा, कारण सहा महिन्यांनी जागा बदलाविशी वाटली तर अडचण तिथेच येते.

त्यांनी घर घेतलं कोपरखैरण्यातच, तीन टाकीच्या बाजूला, दोन खोल्या आणि हॉल, लिफ्ट असलेली जुनी इमारत. मुलीसाठी वाशीत संपूर्ण संस्कृत असलेली सेमी शाळा मिळाली, बसने जाते. पण तिची आठवी संपेपर्यंत बाई एकट्याच आल्या, ऐरोलीत पीजी म्हणून राहिल्या. ते तीन महिने त्यांना फार जड गेले, धाकट्याला त्याहून जड. फोनवर तो आईशी बोलायचाच नाही.

मध्यंतरी त्या पुन्हा आल्या होत्या. सगळं सुरळीत आहे असं नाही. आजींची दुपार मजेत जाते, सकाळी एखाद्या लेकीला धरून निसर्ग उद्यानापर्यंत फेरीही होते. पण ओळखीच्या माणसांबरोबर ओळखीच्या नजराही आल्या. ऑफिसातून उशिरा आलेल्या सुनेचे कपडे, तिची वेळ, नवरा घरी स्वयंपाक करतो ही बातमी, सगळं पाटणपर्यंत पोचतं. "गाव सोडलं म्हणता म्हणता गावातच येऊन पडले," त्या हसत म्हणाल्या, पण पूर्ण हसू नव्हतं ते. नवरा आठवड्यातले तीन-चार दिवस डोंबिवलीला जातो. नवी गिऱ्हाइकं अजून मोजकीच, कराडची कामं ऑनलाइन चालतात, आणि रिटर्न भरायच्या दिवसांत तो कराडला जाऊन बसतो. तिथल्या ऑफिसचं भाडं त्याने अजून चालू ठेवलंय. बाईंना ते खटकत होतं. मी म्हटलं, वर्षभर खटकू द्या, पण त्यावरून बोलू नका.

यावेळी त्यांच्या मोबाइलवर नवा तक्ता होता. खारघरच्या एका प्रकल्पात बुकिंगवर सवलत चालू होती, महिनाअखेरपर्यंत. घ्यावं का, असं त्या विचारत होत्या. घरात हे कुणाकुणाला दाखवलंय, मी विचारलं. अजून कुणालाच नाही, म्हणाल्या.

पुढची वेळ नवऱ्याला घेऊन यायची ठरली आहे.