दुबईहून आणलेला ओरिजिनल ब्रँडेड माल कोकणात विकला तर ट्रेडमार्कची केस होते का?

तुमचा प्रश्न असा की मामेभाऊ दुबईत आहे, तिथून जपानी कंपनीची ओरिजिनल फिशिंग रिळं मागवून देवगडात विकायचीत, आणि इकडच्या डीलरने 'केस टाकू' म्हणून मेसेज केलाय. माल खरोखर ओरिजिनल असेल तर विकता येतो, घाबरू नका.

मी मालवणात हेच सामान विकतो, गरवायला जाणारी पोरं येतात, बोटवाले येतात, म्हणून हे वकिलाकडून नीट समजून घेतलंय. ट्रेडमार्क कायदा १९९९ चं कलम ३०(३) म्हणतं की मालकाने स्वतः किंवा त्याच्या संमतीने बाजारात आणलेला माल तुम्ही कायदेशीर विकत घेतला असेल तर तो पुढे विकणं म्हणजे उल्लंघन नाही. भांडण एवढंच की हा बाजार कुठला, भारतातला की जगातला? सॅमसंगने प्रिंटर आयात करणाऱ्या कपिल वाधवांवर केस केली होती त्यात दिल्ली हायकोर्टाच्या एका न्यायमूर्तींनी फेब्रुवारी २०१२ मध्ये भारतातलाच धरला, पण ऑक्टोबरमध्ये डिव्हिजन बेंचने (त्याच कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी) ते फिरवलं आणि जगातला कुठलाही बाजार चालेल म्हणाले. सॅमसंगने त्यावर सुप्रीम कोर्टात अपील केलं. शिवाय आपली कोर्टं मुंबई हायकोर्टाखाली (सिंधुदुर्ग, रत्नागिरीसाठी आता कोल्हापूरचं सर्किट बेंच), त्यांच्यावर दिल्लीचा निकाल बंधनकारक नाही, पण वजन आहे त्याला.

आता खरी काळजी घ्यायची ती इथे. त्याच निकालात कोर्टाने सांगितलंय की दुकानात ठळक बोर्ड लावा, माल आयात केलेला आहे, कंपनीची वॉरंटी नाही, सर्व्हिस दुकानदार देणार. हे मला मनापासून पटतं, कारण गिऱ्हाईक कंपनीचं नाव बघून पैसे मोजतं आणि रीळ बिघडल्यावर सर्व्हिस सेंटरने परत पाठवलं तर तो माणूस कुणाकडे जाणार? त्यामुळे 'अधिकृत विक्रेता' असं कुठेही लिहू नका, आणि सिरियल नंबर खरवडलेला किंवा खोका बदललेला माल तर अजिबात घेऊ नका, काही लोक माल कुठून फुटला ते कंपनीला कळू नये म्हणून नंबर घालवतात पण मालाची अवस्था बदलली की कलम ३०(४) खाली कंपनीला आक्षेप घ्यायला जागा मिळते.

आणि भावाच्या बॅगेतून आणून विकायचं डोक्यातून काढा, प्रवाशाच्या सामानाला कस्टममध्ये मिळणारी सवलत घरच्या वापराच्या वस्तूंसाठी असते. विकायचं तर आयईसी नंबर (आयात-निर्यातीचा कोड) काढा, बिल ऑफ एन्ट्री (कस्टमला द्यायचा आयात मालाचा कागद) करा, ड्युटी आणि आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) भरा, पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, मूळ देश छापलेला हवा. ओरिजिनल माल निव्वळ पॅरलल इम्पोर्ट (कंपनीच्या इकडच्या डीलरला वगळून बाहेरून आणलेला) आहे म्हणून कस्टमने अडवायचा नाही हे कस्टम बोर्डाने मे २०१२ च्या सर्क्युलरमध्येच सांगितलंय, नकली निघाला तर मात्र जप्त होतो. (परफ्युमचाही विचार असेल तर थांबा, कॉस्मेटिकला आयातीचं वेगळं रजिस्ट्रेशन लागतं.)

डीलरशी फोनवर भांडत बसू नका, त्याचा मेसेज जपून ठेवा. लेखी नोटीस आली तर वकिलाकडूनच उत्तर द्या, आणि दुबईचं दुकान कंपनीचा अधिकृत विक्रेता आहे का, पक्कं बिल देतं का ते आजच भावाला विचारून घ्या, कोर्टात पहिलं तेच मागतील.