होमस्टेत पाहुणे असतानाच गीझर बंद पडला (अलिबाग). दुरुस्ती करू, नवा घेऊ, की पैसे परत देऊ?

टाकी गळत असेल तर सरळ नवा घ्या, आणि पाहुण्यांनी मागायच्या आत त्या रात्रीच्या भाड्यातला काही भाग परत करा. माझाही किनाऱ्यालगत होमस्टे आहे. विहिरीच्या मचूळ पाण्याने कॉइलवर क्षार चढतात, टाकी आतून गंजते. नुसती कॉइल किंवा थर्मोस्टॅट गेला असेल तर मात्र गावातला इलेक्ट्रिशियनही बदलून देतो, नव्याचा खर्च कशाला? तोवर गॅसवर तापवलेलं पाणी बादलीने पोचवा. ‘पुढच्या वेळी सवलत देतो’ म्हणू नका, कुणाचंच समाधान होत नाही. बुकिंग ॲपवरून आलेलं असेल तर परतावाही तिथूनच द्या, म्हणजे नोंद राहते. ३ किलोवॅटचा इन्स्टंट घेणार असाल तर आधी १६ अँपिअरचा सॉकेट आहे ना, ते बघा.