पहिला सेकंडहँड सेमी ट्रक घेताना

अमेरिकेत स्वतःचा सेमी ट्रक (ट्रेलर ओढणारा मोठा ट्रक) घेऊन मालक-चालक म्हणून सुरुवात करतोयस, मनापासून आनंद झाला. पण घाई करू नकोस. बहुतेक नवे लोक क्रोम, सीट आणि ओडोमीटर बघतात. मी आधी इंजिनाचे तास बघतो. मैल कमी दिसले तरी रात्ररात्र आयडलवर (ट्रक उभा, इंजिन चालू) राहिलेलं इंजिन झिजलेलं असतं आणि डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, भरत आलेला असतो. ईसीएमचा, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा, रिपोर्ट माग: एकूण तास, आयडलचे तास, जुने फॉल्ट कोड, रीजन (डीपीएफमधली काजळी जाळून साफ करणं) किती वेळा झालं. कोणी टाळाटाळ केली तर तिथून सरळ निघ.

बघायला जाण्याआधी इंजिन सुरू न करण्याची विनंती कर, कारण तापलेलं इंजिन बरंच काही लपवतं. सुरू केल्यावर ऑइल भरायच्या तोंडातून जोराने धूर आला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्याचा संशय घे. ऑइलचा नमुना लॅबला पाठवच. त्यात कूलंट निघालं तर ईजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा धूर थंड करणारा भाग) किंवा हेड गॅस्केट गळत असेल, तांबं-शिसं जास्त असेल तर बेअरिंग झिजलेलं असेल.

कॅलिफोर्नियात माल न्यायचा असेल तर २०१० किंवा त्यानंतरचंच इंजिन घे, २०२३ पासून तिथे जुनी डिझेल इंजिनं जवळपास बंदच आहेत.

टायर, ब्रेक बदलता येतात. गंजलेल्या चासीचं काही खरं नाही.

आणि सगळी शिल्लक ट्रकमध्ये ओतू नकोस रे. मी ओतली होती. टर्बो गेला तेव्हा दुरुस्तीला पैसे नव्हते, ट्रक उभा आणि हप्ते मात्र चालू.